मल्लव्वा सिस्टरची मोजणी

टॅबवरची पट्टी पुन्हा लाल झाली.

"काका, वेग कमी पडतोय," स्वप्नाली म्हणाली. "मिनिटाला ब्याण्णव दाब. शंभरच्या वर पाहिजेत."

आकारामने रबरी पुतळ्याच्या छातीवरचे हात उचलले. रुग्णवाहिकेवर सत्तावीस वर्षं काढलेल्या या माणसाच्या तीन संधींपैकी दोन गेल्या होत्या. तिसरीही गेली, तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं औषधांच्या कोठारात बसायचं होतं. तसा कागद फळ्यावर लागला होता. महिनाभर मोबाइलवरून दिलेल्या धड्यांचा पॅरामेडिकना किती उपयोग झाला, हे तपासायला स्वप्नाली आली होती.

"तुमचं मशिनच बिघडलंय की," चालक ज्ञानू दारातून म्हणाला. "ह्या मानसानं हातकणंगले स्टेशनात गेलेला गडी उठवून बसवलाय. इचारा तिथल्या हमालास्नी."

"मशिन बरोबर आहे, ज्ञानूदादा. काका, तुम्ही ओठातल्या ओठात काय म्हणता?"

आकाराम ओशाळला. "ओंदु, एरडु, मूरु."

"कानडी? तुम्ही तर मलकापूरचे."

"आमच्या मल्लव्वा सिस्टरची मोजणी हाय ती."

सिस्टर सीमेकडच्या. पहिल्या तुकडीला शिकवायला त्याच होत्या. तेव्हा पुतळा कुठला? त्यांनी पोत्यात भुसा भरून त्याला जुना सदरा चढवला होता. मराठी फडाफडा बोलायच्या, पण आकडे मात्र कानडीतच. हात वाकला की मनगटावर फूटपट्टी बसायची. "छाती हाय ती, कणीक न्हवं," म्हणायच्या. अकरा जणांची ती तुकडी कानडीत, सिस्टरच्याच संथ लयीत मोजत छाती दाबायला शिकली. आता त्यातला नोकरीत उरलेला आकाराम एकटाच. मधल्या शिबिरांत पडद्यावर चित्रं दाखवली गेली, सह्या घेतल्या गेल्या. हात कुणाचाच कुणी तपासला नाही.

"म्हंजे सिस्टरचं चुकलं म्हना की."

"नाही काका. त्यावेळी पुस्तकातच ऐंशी ते शंभर होतं. पुढं बदललं."

"आन् आमी मातूर तसंच..."

स्टेशनातला गडी साऱ्यांना ठाऊक होता. मलकापूरच्या रस्त्यावर जे उठले नाहीत, ते त्याला एकट्याला ठाऊक होते.

स्वप्नालीने टॅबमधली टकटक सुरू केली. "मोजू नका. नुसतं ऐका आणि दाबा."

आकाराम गुडघ्यांवर बसला. ओठ घट्ट मिटले. सिस्टरचा आवाज दोनदा आत आला, दोनदा त्याने तो बाहेर ठेवला. दोन मिनिटांनी पट्टी हिरवी होती. एकशे आठ.

"झालं, काका. आता एवढा अभिप्राय. प्रशिक्षण उपयोगी वाटलं का?"

"व्हय."

"काही सूचना?"

त्याने कपाळ पुसलं. "धा वर्सं आदी यायला पायजे हुतं. तेवढंच लिव्हा."

तिने तेवढंच लिहिलं.

"पास झालासा न्हवं? पेढं कुठायत?" गाडीपाशी ज्ञानूने विचारलं.

"सामान बगू दे आदी."

आकाराम मागच्या दाराने आत चढला. बँडेजचे बारा रोल ट्रेमध्ये असावे लागत. इथे घाई नव्हती. त्याने पहिला उचलून ठेवला.

"ओंदु."

मग दुसरा. "एरडु."

चावीवर हात ठेवून ज्ञानू बारा रोल मोजून होईपर्यंत थांबला.