ताई, जरा आत हो

मित्रांनो, मी एक जुना, रोल घालून चालणारा कॅमेरा आहे. माझ्या चामड्याला भेगा पडल्या आहेत, भिंगावर बुरशीची नक्षी उमटली आहे. पण एके काळी माझीही ऐट होती.

माझा जन्म कारखान्यातला. भिंगं घासणाऱ्या बायांनी मला डोळा दिला आणि पोटात गच्च काळोख भरला. उजेड प्यायचा, काळोखात जपायचा, हेच माझं जगणं.

माझा मालक शहराच्या बांधकाम कार्यालयात फोटोग्राफर होता. रोज एखादी इमारत, एखादा ट्रॅमचा थांबा, असं सगळं शहर टिपायचं त्याचं काम. कमानी, जिने, वळणावरचे चकाकते रूळ, त्याने मला काय काय दाखवलं! त्याची रीत मात्र एकच. चौकटीत माणूस नको. माणूस हलला की फोटोला डाग पडतो, म्हणे. ट्रॅम भरून निघून गेली, थांबा ओस पडला, की मगच तो माझी कळ दाबायचा.

शेवटच्या थांब्यासमोर त्याची थोरली बहीण राहायची. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिचे पाय अधू झाले होते. दारातून ट्रॅममध्ये आणि ट्रॅममधून दवाखान्यात, एवढंच तिचं फिरणं. तो आला की ती खिडकीत यायची.

"ताई, जरा आत हो. खिडकी रिकामी हवी."

"बारक्या, दगडविटांचे एवढे लाड करतोस. बहिणीचा एक फोटो काढलास कधी?"

"काढू गं, सावकाश."

ती हसायची आणि पडदा ओढून घ्यायची.

फोटोंचं प्रदर्शन भरलं. किती निर्मळ शहर, असं लोक म्हणाले. मालकाला हार मिळाला, मला मखमली पिशवी.

मग तेच फोटो साहेबांच्या टेबलावर गेले. रस्ता रुंद करायचा होता. थांब्यावर कुणी नाही, खिडक्यांत कुणी नाही, मग ट्रॅम कुणासाठी आणि घरं तरी कुणासाठी, असं ठरलं. मालक धावत गर्दीचे नवे फोटो घेऊन गेला. माणसं गोळा करून आणलीत वाटतं, असं साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, तिथे रोजच गर्दी असते. ती जाईपर्यंत मी थांबायचो."

"थांबणं छान जमतं तुम्हाला," साहेब मान वर न करता म्हणाले. "आता बाहेर थांबा."

शिपायालाही हसू आलं.

पाडकामाचे फोटो काढायचं कामही त्यालाच मिळालं. ताईला शहराबाहेर खोली दिली. तिथून दवाखान्याला जायला काहीच वाहन नव्हतं. हिवाळा सरायच्या आत ती गेली.

भाचीने भिंतीवर लावायला आईचा फोटो मागितला. मामाकडे नसेल तर कुणाकडे असणार? त्याने सगळ्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. खिडक्याच खिडक्या. एका खिडकीत पडद्याच्या कडेला चार बोटं सापडली. तेवढीच मोठी करून, तसबीर करून त्याने नेली.

भाचीने ती हातात घेऊन पाहिली. "मामा, फोटो अगदी स्वच्छ आलाय," ती म्हणाली, आणि तसबीर परत दिली.

तेव्हापासून आम्ही दोघं कपाटात आहोत, ती तसबीर आणि मी.

मित्रांनो, माझा एखादा धाकटा भाऊ तुमच्या हाती आला, तर त्याला धुळीपासून जपा, ओलीपासून जपा. पण खिडकीत कुणी आलं, तर आत जा म्हणू नका. इथे माझ्या शेजारी ती बोटं अजून पडदा धरून आहेत. बारक्या 'ताई, फोटोला ये' म्हणेपर्यंत ती सोडायची नाहीत.