दुसरी पंगत

आमच्या चर्चमध्ये रविवारी चारशे माणसं येतात आणि प्रभुभोजनाच्या मेजावर नऊ जण बसतात. बाकीचे आपापल्या बाकावर मान खाली घालून, पेपरमिंट चघळत बघत राहतात. त्यांना कोणी अडवलेलं नसतं. त्यांना वाटतं की आपली तेवढी लायकी नाही, देवाने आपल्याला निवडलंय याची खूण अजून मिळालेली नाही, आणि खूण न मिळता त्या मेजावर बसणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. काही जण खुणेची वाट बघत ऐंशीचे होतात आणि मरतात. झेलंड प्रांतातल्या, समुद्राच्या बांधाआडच्या या गावात हे असंच चालत आलंय. मी त्यावर हसावं, तर मीही त्यांच्यातलाच. चर्चच्या किल्ल्या एकतीस वर्षं माझ्याकडे आहेत. वर्षातून चार वेळा ते लांबलचक मेज मी मांडतो, पांढरं कापड इस्त्री करून अंथरतो, पाव कापतो, द्राक्षारस ओततो. स्वतः बसलो एकदाही नाही.

त्या नऊ जणांत याकोमिना होती. ही बाई कांद्याच्या वखारीत फिरत्या पट्ट्यासमोर उभी राहून कांदे निवडते, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायला कांद्याची गरज पडत नाही. नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगा, क्राइन. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, शिट्टी वाजवत सायकल चालवायचा. शेवटची दोन वर्षं शिट्टी बंद होती. मनाचं दुखणं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मधे थोडं बरंही वाटलं. आणि मार्चमध्ये एका सकाळी त्याने स्वतःचा जीव घेतला. सव्वीस वर्षांचा होता.

आमच्याकडे थडग्यापाशी मेलेल्या माणसाबद्दल कोणी काही बोलत नाही. तो कुठे गेला ते देवाला ठाऊक, आपण तोंड मिटून घरी जायचं, अशी रीत आहे. क्राइनच्या वेळी तर सगळे जास्तच गप्प होते, कारण स्वतःच्या हाताने गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, याबद्दल प्रत्येकाच्या मनात एकच उत्तर होतं आणि ते त्याच्या आईसमोर उच्चारायची कोणाची हिंमत नव्हती. तेवढ्यात याकोमिना खड्ड्याच्या कडेला वाकली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "येते रे बाळा. भेटू."

तेवढ्यावरून सगळं पेटलं.

जूनच्या प्रभुभोजनाआधी चर्चच्या पंचांनी तिला बोलावलं. पंच पाच, पण बोलणारा एकच, डिंगमान. हा याकोमिनाच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे क्राइनचा सख्खा काका. चौऱ्याहत्तर वर्षांचा, खांबासारखा ताठ. ऑर्गन जरा भरभर वाजवावा का यावर या माणसाने एकदा दोन तास बैठक चालवली होती, आणि शेवटी ऑर्गन आणखी हळू झाला होता. मी कॉफी घेऊन आत होतो. बाहेर जायला कोणी सांगितलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

"याकोमिना," डिंगमान म्हणाला, "तू थडग्यापाशी जे बोललीस ते मागे घे. तेवढंच मागणं आहे. मग तू ये मेजावर, कोणी काही म्हणणार नाही."

"काय बोलले मी?"

"तुला माहीत आहे."

"तुम्ही म्हणा ना भाऊजी. तुमच्या तोंडून ऐकू दे."

डिंगमानने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "जे आपल्याला कळवलेलं नाही त्याची तू खात्री दिलीस. अशा मरणानंतर. त्याला पश्चात्तापाला वेळसुद्धा मिळाला नाही."

"तुम्हाला मिळणार आहे? परवा गोठ्याच्या शिडीवरून पडता पडता वाचलात म्हणे. पडला असतात, तर जमिनीवर येईपर्यंत किती पापांची माफी मागून झाली असती?"

एका पंचाला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"हा चेष्टेचा विषय नाही," डिंगमान म्हणाला.

"चेष्टा करायला मी आले नाही. मला एवढंच सांगा. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तुमच्याकडून एकच गोष्ट ऐकतेय. माणूस देवाला धरून ठेवत नाही, देव माणसाला धरून ठेवतो. आपल्या पकडीत काही दम नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझ्या पोराचा हात सुटला, तर तुम्ही मला विचारताय की त्याने घट्ट का नाही धरलं. सव्वीस वर्षं सगळं देवाच्या हातात होतं, आणि त्या एका सकाळी तेवढं क्राइनच्या हातात आलं? तुमची शिकवण खरी असेल तर ती त्या सकाळीही खरी असायला हवी. नसेल तर मला आज सांगा, म्हणजे मी दुसरीकडे जाईन."

मी कॉफी कपात ओततोय असं समजून तबकात ओतत होतो. डिंगमानच्या गालाचा स्नायू हलत होता. आणि आमचे नवे पाळक, व्हिसे नावाचे, वय एकोणतीस, सहा वर्षं धर्मशास्त्र शिकून आलेले, ते आपल्या कपाच्या तळाशी काहीतरी लिहिलं असावं तसे आत बघत बसले होते.

शेवटी पंचांनी ठरवलं ते असं, की या खेपेला तिने मेजापासून दूर राहावं. याकोमिना उठली, कोटाची बटणं लावली.

"मी येणार. अडवायचं असेल तर सगळ्यांसमोर अडवा," ती म्हणाली. दारापाशी वळून मला म्हणाली, "आणि मारिनस, कॉफी पाणचट झालीय."

मला पाळकांचा असा संताप आला होता की त्यांना सायकलचं कुलूप उघडायलाही मी सवड दिली नाही.

"तुम्ही मुके आहात का?"

"मारिनस, मला इथे येऊन आठच महिने झालेत."

"आपल्या प्रभूने सगळं काम तीन वर्षांत उरकलं, पाळकसाहेब. आठ महिने कमी नाहीत."

त्यांचे कान लाल झाले. सायकल हातात धरून ते चालतच घरी गेले.

रविवारी सकाळी मी एक लहान पाव घेतला आणि आठ जणांपुरता कापला. मग स्वतःवरच चिडून नववा तुकडा कापला. मेजाभोवती खुर्च्या मात्र नेहमीप्रमाणे चोवीस लावल्या, कारण कापड तेवढं लांब आहे आणि रिकाम्या जागी ते उघडं पडलेलं बरं दिसत नाही. बायका काळ्या टोप्या घालून आल्या. याकोमिना मागच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी कोणी बसलं नाही.

पाळक व्यासपीठावर चढले. पहिली दहा मिनिटं ते पुस्तकातलं बोलले. मग कागद बाजूला ठेवला. म्हणाले, सहा वर्षांत मला जे शिकता आलं नाही ते या आठवड्यात मला या मंडळीतल्या एका माणसाने शिकवलं, आणि तेव्हा मी गप्प बसलो, त्याची मला लाज वाटते. मग त्यांनी याकोमिनाचं म्हणणं मांडलं, नाव न घेता. ज्याचे हात आजाराने निकामी झाले, त्याला देव त्याच्या पकडीवरून जोखणार असेल, तर आपण इतकी वर्षं देवाबद्दल खोटं शिकवलं. आणि तसं नसेल, तर या मेजावर लायक म्हणून आजवर एकही माणूस बसलेला नाही, पुढेही बसणार नाही. लायकीची वाट बघणारे चुकीच्या गोष्टीची वाट बघत आहेत.

पेपरमिंट चघळण्याचा आवाज थांबला. चारशे माणसांचा तो बारीक आवाज थांबला की किती शांत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता आमची एक रीत आहे. प्रवचन संपवून पाळक खाली उतरले की त्या दिवशीचा पंच पायरीशी उभा राहून त्यांच्याशी हात मिळवतो. याचा अर्थ, जे बोललात ते आम्हाला मान्य. हात मिळाला नाही, तर सगळ्या गावाला कळतं की काहीतरी बिनसलं. मी असं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि ते पाळक वर्षाच्या आत गाव सोडून गेले. त्या दिवशीचा पंच होता डिंगमान.

पाळक उतरले. हात पुढे केला. डिंगमानने त्या हाताकडे पाहिलं, आणि स्वतःचे दोन्ही हात बाजूला तसेच लोंबते ठेवले.

बायकांच्या बाजूला कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला. पाळकांचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस डगमगला नाही. ते तसेच मेजापाशी गेले, प्रार्थना म्हटली आणि मेजावर येण्याचं आमंत्रण दिलं. डिंगमान जाऊन मेजाच्या तोंडाशी उभा राहिला. नेहमी सगळ्यांत आधी उठणारे म्हातारेसुद्धा जागचे उठले नाहीत.

मग मागून बुटांचा आवाज आला. याकोमिना मधल्या वाटेने येत होती. घाई नाही, रेंगाळणं नाही, कामाला जाताना चालते तशी. ती डिंगमानसमोर येऊन थांबली. तो बाजूला झाला नाही. मी तिथून चार पावलांवर होतो आणि माझ्या हातातलं ताट मला जड झालं होतं.

"भाऊजी, सरका," ती हळू म्हणाली.

डिंगमानचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "मी त्याला सायकल शिकवली, याकोमिना. मी रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसतो आणि मला धीर होत नाही. तुला खरंच वाटतं तो भेटेल?"

"माझ्यावर विसंबू नका. माझ्यात काही दम नाही. ज्याच्या हातात तो आहे त्याला मी ओळखते. तुम्हीच ओळख करून दिलीत."

त्या ताठ माणसाचे खांदे खाली आले. त्याने पाळकांना न दिलेला उजवा हात पुढे केला आणि याकोमिनाचा हात घट्ट धरला, सगळ्यांसमोर, आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि शेजारच्या खुर्चीवर स्वतः बसला. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी ताट मेजावर आपटलंच जवळजवळ.

नंतर जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. आमची टपालवाली बाई उठली. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या बापाचं क्राइनसारखंच झालं होतं, आणि चाळीस वर्षांत तिच्यासमोर त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. ती रडत रडत आली आणि याकोमिनाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिच्यामागे एक शेतकरी आणि त्याची बायको आली. मग नेहमीचे म्हातारे आले, जरा रागावलेले, कारण त्यांच्या जागा गेल्या होत्या. मग मला मोजणं सोडून द्यावं लागलं. चोवीस खुर्च्या भरल्या आणि वाटेत लोक उभे राहिले. खूण कोणालाच मिळालेली नव्हती. तरी लोक येत होते.

पाळकांनी नऊ जणांचा पाव चोवीस जणांत वाटला, नखाएवढे तुकडे करून. मग त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. ताट स्वच्छ होतं. आमच्या गावात रविवारी दुकान उघडं नसतं, उघडं असतं तरी कोणी गेलं नसतं.

मी घराकडे पळालो. घर चर्चला लागूनच आहे. स्वयंपाकघरात एकच पाव होता, तोही मनुक्यांचा, न्याहारीला अर्धा खाऊन उरलेला. मी तो फडक्यात गुंडाळला आणि मागच्या दाराने आत आलो. मेजापाशी येऊन फडकं उघडलं. मनुके चांगले टपोरे होते. डिंगमानने पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मनात म्हटलं, आता दोन तास बैठक.

"काप, मारिनस," तो म्हणाला. "मनुके वेचत बसू नकोस. लोक उभे आहेत."

मी कापला. पहिले चोवीस उठून आपापल्या जागी गेले आणि दुसरे बसायला लागले. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची दुसरी पंगत माझ्या आजोबांनीही कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात माझी बायको पीटरनेल बाकावरून उठून आली आणि माझी बाही ओढली.

"बस आता."

"मला अजून काही खूण..."

"मलाही नाही. बस."

आम्ही दोघं शेवटच्या दोन खुर्च्यांवर बसलो. पाळकांनी ताट पुढे सरकवलं, मी तुकडा घेतला आणि खाल्ला. गोड होता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. एकतीस वर्षं लपवून काय मिळालं होतं.

आम्ही उठलो तेव्हा तिसऱ्या पंगतीचे लोक वाटेत थांबले होते, आणि याकोमिना एकेक खुर्ची सरळ करून त्यांना बसायला जागा करून देत होती.