शिक्क्याचा सिनेमा

निवृत्तीचा खून भगवंतरावानं केला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण कोर्टात बोलायला कुणाची जीभ उचलली नाही. डोळ्यांनी बघितलं होतं एकट्या उत्तमरावानं, निवृत्तीच्या सख्ख्या चुलतभावानं. तोही साक्षीच्या दिवशी म्हणाला, "मी तं झोपलो होतो." आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करायची? भगवंतराव सुटला.

निवृत्तीच्या बायकोला, रुखमाबाईला, आशा लागली ती मुंबईचे सिनेमावाले या खुनावर सिनेमा काढायला गावात आले तेव्हा. तिनं त्यांना चहा पाजून सगळं सांगितलं. विहिरीच्या पाण्याचा वाद, मोट हाकताना मागून बसलेला कुऱ्हाडीचा घाव, सगळं. उत्तमरावानं तेव्हा शब्दही दिला, "वहिनी, एकडाव सिनेमात आलं का मंग मले कोनाचं भेव? चावडीवर उभा राहून सांगतो."

दोनेक वर्षांनी चिखलीला सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला अर्धं गाव एसटीनं गेलं. पडद्यावर आधी सहीशिक्क्याचा कागद आला, सगळ्याच सिनेमांना दाखवतात तसला. उत्तमराव हळूच म्हणाला, "पाहा वहिनी, सरकारचा शिक्का. आता खोटं नाही चालत." रुखमाबाईनं हात जोडले.

आणि पुढं काय बघावं? निवृत्ती दारू पिऊन झिंगतोय. पाण्याला आलेल्या पोरीचा हात धरतोय. तिला सोडवायला भगवंतराव धावतो, गोरागोमटा, दोन गाणी म्हणून झालेला. कुऱ्हाड आधी निवृत्तीच उगारतो! आग लागो त्या सिनेमाला. जन्मात विडीला न शिवलेल्या माणसाचं हे असं केलं, आणि तेही धड नाही. तो नट प्यायल्यासारखा कुठला, पोट दुखत असल्यासारखा चालत होता. तरी घाव बसला तशा शिट्ट्या वाजल्या. गावचेही वाजवत होते.

परतीच्या एसटीत रुखमाबाईनंच विषय काढला. "भाऊजी, असं नोहतं ना झालं?"

"शिक्का होता वहिनी. सरकारनं चौकशी केल्याबिगर मारला असन का?"

"काऊन असं बोलता? मागून मारलं म्हनून तुमीच सांगतलं मले."

"सांगतलं असन. पन लय लांबून पाह्यलं होतं. आता मले आठवून राह्यलं. कुऱ्हाड निवृत्तीच्याच हातात होती."

कोर्टातून आल्यापासून त्याची मान कधी वर झाली नव्हती. आज तो ताठ बसला होता. खोटं बोलत असता तर रुखमाबाई भांडली असती. पण त्याला खरंच तसं आठवत होतं. निवृत्तीचं मरण बघितलेला एकुलता एक माणूस तिच्या हातून गेला होता.