चकाकणाऱ्या लोकांचं गाव

सरदार डॉन बेल्त्रान रोज सकाळी आधी चिलखत घासायचा, मग देवाचं नाव घ्यायचा. मोहिमेतल्या बाकीच्यांच्या अंगावर चिंध्या लोंबत होत्या, घोडे कधीच पोटात गेले होते, पण सरदाराची छाती मात्र आरशासारखी लखलखत होती. तेयोला ते तेज बघून आताशा मळमळायचं. स्पेनमध्ये तो जोडे शिवायचा. सोन्याच्या नगराच्या गप्पा ऐकून दुकानाला टाळं लावून समुद्रापलीकडच्या या मुलुखात आला होता. आता तो खोगिराचं कातडं शिजवून खात होता.

मेता नदीकाठी जे गाव लागेल तिथं सरदार बोटातली अंगठी नाचवून विचारायचा, "हे कुठं मिळतं?" लोक तोंडभर हसून पुढे बोट दाखवायचे. पाहुणे लवकर टळावेत, एवढाच त्या बोटाचा अर्थ, हे तेयोच्या केव्हाच ध्यानात आलं होतं.

एका गावात मात्र म्हातारा मुखिया सविस्तर बोलायला बसला. किनाऱ्यावरच्या आदिवासी वस्तीतून धरून आणलेली कातालिना दुभाष्याचं काम करायची. ती सांगू लागली, "तो म्हणतो, मावळतीला दलदलीपलीकडे चकाकणारे लोक राहतात. त्यांचा नायक असा झळकतो, की डोळे दिपतात. पिवळं काही दिसलं की ते घेऊन जातात."

"आणि?" सरदार पुढे सरकला.

"पेरत नाहीत, पण खातात भरपूर."

"म्हणजे नोकरचाकर असणार! ऐकलंस का रे तेयो, गाढवा? राजे आहेत राजे!"

म्हातारा त्या चिलखताकडे टक लावून बघत होता.

मग दलदल लागली. कंबरभर चिखल, डासांचे ढग, पायाला जळवा. सेव्हियाचा एक हसतमुख सुतार तापाने गेला. त्याला पुरायला कोरडी जमीन मिळेना, म्हणून तसाच पाण्यात सोडला. सरदाराने डोकं उघडं करून दोन शब्द म्हटले आणि लगेच विचारलं, "त्याची तलवार कुणी घेतली?"

शेवटी उंचवटा आला. जळालेल्या झोपड्यांचे खुंट, घोड्यांच्या हाडांचा ढीग, मधोमध कललेला लाकडी क्रूस. तेयो जागीच थबकला. मागच्या पावसाळ्यात त्यांनी इथंच तळ टाकला होता. सोनं सापडलं नाही म्हणून चिडून गाव पेटवलं होतं ते हेच. त्या दिवशी एका छपराला त्यानेही पलिता लावला होता.

सरदार मात्र खाली वाकून चिखल न्याहाळत होता. "उशीर झाला! पण ही बघ, वाळलेल्या चिखलातली पावलं. बुटांची! अनवाणी लोक नाहीत हे. श्रीमंत आहेत!"

"धनी," तेयो म्हणाला, "तो बूट माझा आहे. टाचेचा टाका मीच घातलाय. चकाकणारे लोक म्हणजे आपणच."

"म्हणजे चोरांनी तुझा बूटही नेला," सरदार म्हणाला. "चला, उठा! पावलं उत्तरेला गेलीत."

पडलो तरी नाक वर! निम्मे लोक उठलेच नाहीत. उरलेल्यांना घेऊन तो छाती झळकवत निघून गेला. पुन्हा तो कुणाला दिसला नाही.

तेयो कातालिनाकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"तो बोलला तेच सांगितलं मी. तुम्हाला हवं तेवढंच तुम्ही ऐकलंत."

"मला तुझ्या गावी ने. काम करेन, जोडे शिवेन."

"आमच्याकडे जोडे घालत नाहीत," ती म्हणाली आणि कसाव्याच्या कंदांच्या पिठाची शेवटची पिशवी खांद्यावर टाकून चालू लागली. अडवायचं बळ कुणातच नव्हतं.

तराफा बांधून, कासवांची अंडी खात तेयो कसाबसा समुद्राकाठच्या बंदरात पोचला. तिथं नवी गलबतं लागली होती, आणि त्यातून उतरलेला नवा, गुबगुबीत सरदार त्याला आग्रहाने दारू पाजू लागला.

"कुठंय ते नगर?"

"कुठंच नाही. चिखल आहे, डास आहेत आणि आपण जाळलेली गावं आहेत."

सरदाराने सोबत्याला डोळा मारला. "बघितलंस, कसा लपवतोय? नक्की सापडलंय याला."

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मोहीम निघाली. सगळ्यांच्या पुढे, मानाचा वाटाड्या म्हणून, तेयो चालत होता. हात मागे बांधलेले होते.