ओळख परेडीतला शर्ट

देवाने मला चेहरा दिलाय तो असा की फोटोत पाहून सख्खी आत्यासुद्धा विचारते, "हा कोण रे?" नाक ठीक, डोळे ठीक, एकूण लक्षात राहण्यासारखं काही नाही. म्हणूनच तुरुंगासमोरच्या माझ्या शिवणाच्या दुकानात ओळख परेडीचं बोलावणं हमखास येतं. आरोपीला साक्षीदारापुढे एकटं उभं करायचं नाही, असा नियम आहे. त्याच्यासारखी दिसणारी माणसं शेजारी उभी करायची आणि त्यांतून साक्षीदाराने बोट दाखवायचं. चारचौघांसारखं दिसणं हा माझा जोडधंदाच झालाय म्हणा ना.

मला हा सगळा खटाटोप म्हणजे नसती उठाठेव वाटायची. "पोलिसांनी धरलाय ना? मग केलंच असणार!" असं मी कात्री चालवता चालवता गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचो. कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आवाज खणखणीत.

त्या दिवशीचा आरोपी नळदुरुस्तीवाला होता. एका बाईंच्या गळ्यातली साखळी हिसकावल्याचा त्याच्यावर आळ. मॅजिस्ट्रेट साहेबांनी आधी पोलिसांना बाहेर काढलं, मग त्याला म्हणाले, "रांगेत हवी ती जागा घे. कपडे बदलायचे तर बदल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, शर्ट बदलता?"

माझ्या अंगात मी स्वतः शिवलेला नवाकोरा शर्ट, त्याच्या अंगात भडक हिरव्या चौकड्यांचा, घामट. मी नाक मुरडलं, पण साहेब बघत होते, म्हणून दिला काढून. "बाही ओढू नकोस हां," एवढं बजावलंच. त्याला बटणं धड लावता येईनात, शेवटी मीच लावली.

"घरी लहान मुलगी आहे, मास्तर," तो पुटपुटला.

हे चोरी करताना सुचायला हवं होतं, असं मी मनात म्हटलं.

बाई आत आल्या. इकडे नाही, तिकडे नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. "हाच तो मेला!"

मी हसलो. बाकी कोणीच हसलं नाही.

"अहो बाई, मी समोरचा शिंपी..."

"गप्प उभे राहा," साहेब म्हणाले, आणि माझी पाचावर धारण बसली. चोरीच्या दिवशी आपण नक्की दुकानातच होतो ना, हे मी आठवायला लागलो! मी!

"खात्री आहे?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"शंभर टक्के. काल चौकीत दाखवला तेव्हा हाच शर्ट होता की अंगात."

साहेबांनी मान वर केली, मग शब्दन् शब्द लिहून घेतला. परेडीआधी साक्षीदाराला आरोपी दाखवायचा नसतो. दाखवला तर त्या ओळखीला काडीची किंमत राहत नाही, हे मला तिथे कळलं.

नळवाला मटकन खाली बसून रडायला लागला. त्याने साखळी ओढली की नाही, देव जाणे. पण तो शर्ट त्याच्या अंगात असता तर बोट त्याच्यावर पडलं असतं, आणि मी दुकानात येऊन म्हणालो असतो, "बघा, सांगत नव्हतो?"

घरी बायकोला सांगितलं तर ती हसून हसून लोळली. "चला, निदान कुणीतरी तुम्हाला ओळखलं!"

"अगं, पण मी चोर दिसतो का?"

तिने मला खालून वर न्याहाळलं. "शर्ट कुठला घातलाय त्यावर आहे."

ती थट्टेत म्हणाली. पण त्या नळवाल्याचं सगळं आयुष्य तेवढ्यावरच होतं, आणि मी शर्ट द्यायला कुरकुरत होतो.