सोन्यावर कल्हई

मित्रांनो, मी एक जुना शिरटोप आहे. माझ्या बळावर उस्मानी सुलतानांनी अर्धं जग जिंकलं. म्हणजे ते जिंकत होते तेव्हा मी इस्तंबूलच्या शस्त्रागारात खुंटीवर होतो. लढाईला लोखंडी टोप जात. मी तांब्याचा, वरून सोन्याचा मुलामा दिलेला. मला मिरवणुकीपुरता काढत. तलवारीचा एक घाव बसता तर भोपळ्यासारखा चिरलो असतो. पण कपाळावर शस्त्रागाराचा शिक्का होता, आणि उन्हात माझ्याकडे बघवत नसे.

पुढे नव्या सैन्याने गोंड्याच्या लाल टोप्या घातल्या आणि आम्ही मोडीत निघालो. माझ्या सोबत्यांच्या कढया झाल्या. पहारेकरी हुर्शीद आगाला माझी दया आली. त्याने मला अंगरख्याखाली लपवून घरी नेलं. त्याच्या बायकोला, निगार हानिमला, लढाईची वस्तू घरात चालत नसे. म्हणून तो म्हणाला, "भांडं आणलंय." तिने मला उलटा करून तिवईवर बसवलं आणि आत मसूर शिजत घातला. तांब्यात अन्न कळकतं, म्हणून आधी कल्हई लावून घेतली.

हुर्शीद वारला, खरं काय ते त्याच्याबरोबर गेलं. कल्हई झिजायची, कपाळावर सोनं डोकवायचं, मला आशा वाटायची, आणि निगार हानिम मला पुन्हा कल्हईला द्यायची. इतकी काळजी सुलतानानेही घेतली नव्हती.

मग एकदा नव्या संग्रहालयाचे अधिकारी रेशात एफेंदी यांचा निरोप आला: शस्त्रागारातलं काही तुमच्या घरी आहे का, ते पाहायला उद्या येतो. तेव्हा माझा अर्धा शिक्का उघडा पडला होता! फक्त एक दिवस तसाच राहायला हवा होता. पण पाहुण्यापुढे कल्हई उडालेलं भांडं ठेवलं तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं? हानिम मला घेऊन तडक कल्हईवाल्या सर्किसकडे निघाली.

"सर्किस उस्ता, आत तोंड दिसलं पाहिजे."

"कुणाचं, हानिम? माझं?"

"नको रे बाबा, पाहुणा जेवायचा नाही. आणि बाहेरूनही लाव. हा पिवळा डाग बघ, कसा ओंगळ दिसतोय."

"पितळ असेल," सर्किस म्हणाला. नवसागर, कथील, कापसाचा बोळा. शिक्का बुजला.

दुसऱ्या दिवशी एफेंदी आले.

"आजी, शस्त्रागारातलं काही आहे का घरात?"

"होता ना. माझा नवरा. जन्मभर तिथेच उभा होता."

"तसं नाही हो. वस्तू. सोनेरी टोप वगैरे."

"सोनं असतं तर मसूर खाल्ला असता का, बाळा? जेव आधी."

एफेंदींनी तीन वाट्या सार ओरपलं. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मी काय करणार? उकळलो.

"झकास झालंय! भांड्याचाच गुण म्हणायचा."

आमच्याकडे पाहुण्याने वस्तू वाखाणली की ती त्याची होते. हानिमचा चेहरा क्षणभर पडला, पण हात पुढे आला. "घेऊन जा बाळा. रिकाम्या हाताने कशाला जातोस?"

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. फक्त त्याआधी त्या काय आहेत ते एकदा बघा. माझं म्हणाल तर मी आता संग्रहालयातच असतो. शस्त्रांच्या दालनामागे पहारेकऱ्यांची चूल आहे. शुक्रवारी मसूर असतो, बाकीचे दिवस कांद्याचं सार.