फिकट केशरी

तिने इयरफोन कानात नीट बसवला आणि फोनला तेच तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"चित्राचं वर्णन," फोन म्हणाला. "औषधांचा अतिशय आकर्षक तक्ता. कोपऱ्यात चाकांच्या खुर्चीचं प्रसन्न चिन्ह."

"आणि गोळ्या किती घ्यायच्या?"

"ते चित्रात दिसतंय ना, ताई," तक्ता काढणारा डिझायनर शेजारून म्हणाला.

तिला जन्मापासून दिसत नव्हतं. 'हे औषधांचं अ‍ॅप सगळ्यांना वापरता येतं' या दाखल्यावर सही करायला कंपनीने तिला ठेवलं होतं. बाकीच्यांना डोळे होते, त्यामुळे विचार करायची गरज पडत नव्हती.

"खुर्ची कशाला?"

"अपंगांची सोय केली की खुर्ची लावतात."

"मी चालत येते."

"हो, पण चिन्ह छान दिसतं."

गाढवापुढे गीता वाचायला तिची हरकत नव्हती. पण इथे गाढव गीतेचं मुखपृष्ठ रंगवत होतं.

साहेब आत आले ते बोलतच.

"झाली सही? चार वाजता अ‍ॅप लोकांच्या हातात जातंय."

"नाही केली."

"मग सोमवारपासून घरी बसा, बाई. सही करणारे पुष्कळ मिळतात."

ही तिची चौथी नोकरी. आधीच्या तिन्ही 'फार किरकिर करते' म्हणून सुटल्या होत्या. तिने फोन टेबलावर ठेवला.

"तक्त्यात अडचण काय आहे?" साहेब तडकले. "मी स्वतः दोन आठवडे हाच बघून रक्तदाबाच्या गोळ्या घेतोय. शेंबडं पोरही वाचेल!"

"मग तुम्हीच वाचा. तेवढंच वर्णनात घालते आणि लगेच सही करते."

साहेबांनी घसा साफ केला. "सकाळी दोन, रात्री एक. झालं?"

डिझायनरची खुर्ची करकरली.

"उलटं, साहेब," तो हळूच म्हणाला. "सकाळ फिकट केशरी. दोन गोळ्या जरा जास्त फिकट केशरीत आहेत. म्हणजे रात्री."

साहेबांच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट चुरचुरत बाहेर आलं. रिकाम्या खळग्यांवरून अंगठा एकेक करत पुढे सरकताना तिला ऐकू येत होता.

"तरीच सकाळी गरगरतं," साहेब म्हणाले. "चार वाजताचं राहू द्या, बाई. तुम्ही सकाळी किती म्हणालात?"

"मी काहीच म्हणाले नाही. आता तुम्हीच ऐका," ती म्हणाली आणि कानातला इयरफोन काढून त्यांच्यापुढे धरला.